एकाच वाचकासाठी लिहिलेलं मलपृष्ठ

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहायला आलेल्या वहिनींनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "प्रकाशन संस्थेत आहे. मुद्रितं तपासते आणि मलपृष्ठं लिहिते." त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पुढे अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलं. शब्दच असा आहे. 'मल' म्हटल्यावर माणसाच्या मनात काय यायचं ते येतंच. म्हणून आमच्या ऑफिसात आम्ही त्याला नुसतं 'पाठ' म्हणायचो. "ताई, त्या कादंबरीची पाठ झाली का?" असं आमचे मालक भाऊ आतल्या खोलीतून ओरडायचे आणि बाहेर बसलेला नवा लेखक दचकायचा.

पुस्तकाच्या मागच्या बाजूला पाच-सहा वाक्यं असतात, ती कुणीतरी लिहिलेली असतात, हे फार लोकांच्या गावीच नसतं. ती आपोआप उगवतात असं वाटतं. प्रत्यक्षात त्या पाच-सहा वाक्यांसाठी अख्खी कादंबरी दोनदा वाचावी लागते. एकदा वाचकासारखी, आणि दुसऱ्यांदा चोरासारखी, म्हणजे यातलं काय उचलून बाहेर दाखवता येईल ते बघत.

नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, पाठ म्हणजे स्तुती. 'मनाचा ठाव घेणारी', 'अंतर्मुख करणारी', झालं काम. मग एकदा भाऊंनी मला शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात दुपारभर उभं केलं. म्हणाले, "लोक काय करतात ते नुसतं बघा." मी बघत राहिले. गिऱ्हाईक पुस्तक उचलतं, चित्र बघतं आणि उलटवतं. उलटवल्यावर नजर कुठे जाते? खाली, कोपऱ्यात, किमतीवर. मग तिथून हळूहळू वर चढते. म्हणजे आपण जी ओळ शेवटची म्हणून लिहितो ती लोक सगळ्यात आधी वाचतात! मला हा शोधच लागल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी पाठ शेवटच्या ओळीपासून लिहायला लागले.

लेखकांचे नमुने विचारू नका. एका रहस्यकथाकारांनी स्वतःच पाठ लिहून आणली होती आणि तिच्यात खून कुणी केला ते सांगून टाकलं होतं. मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "आधी सांगितलेलं बरं. नंतर वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही." दुसऱ्या एका लेखिकेने 'विनोदाची कारंजी' हे शब्द हट्टाने घालायला लावले. पुस्तक निघाल्यावर अमळनेरहून एक गृहस्थ एस.टी.ने आमच्याकडे आले, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "यातली कारंजी कोणत्या पानावर आहेत तेवढं दाखवा." आम्हाला दाखवता आली नाहीत. पोटात नाही ते पाठीवर लिहायचं नाही, हा नियम त्या दिवशी भाऊंनी केला आणि मी तो शेवटपर्यंत पाळला.

पण हे सगळं मी सांगतेय ते भटू नानांच्या गोष्टीसाठी. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट.

भटू नाना धुळ्याचे. सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि बोलताना बोटं सतत हलायची, जणू हवेत काहीतरी वाजवताहेत. जन्मभर त्यांनी लग्नाचा बॅण्ड चालवला. स्वतः क्लॅरोनेट वाजवायचे. डीजे आले, बॅण्ड बंद पडला, आणि नानांनी कादंबरी लिहिली. एका बॅण्डमधल्या दोन मित्रांची गोष्ट होती. एक क्लॅरोनेटवाला, एक ट्रम्पेटवाला. दोघांनी मिळून बॅण्ड उभा केला, खान्देशातल्या गावोगावच्या वराती गाजवल्या, आणि मग ऐन लग्नसराईत ट्रम्पेटवाला एके सकाळी आलाच नाही. दुसऱ्या कुठल्याशा बॅण्डात गेला. पुन्हा कधी बोलला नाही. का गेला, तर बॅण्डच्या नव्या गाडीवर रंगाऱ्याने क्लॅरोनेटवाल्याचं नाव मोठं आणि त्याचं बारीक काढलं, म्हणून. शेवटच्या प्रकरणात तो त्या नावाकडे बघतो आणि न बोलता निघून जातो.

कादंबरी चांगली होती. वाचताना कानात वाजत होती. भाऊंनी लगेच घ्यायचं ठरवलं आणि मी उत्साहाने पाठ लिहिली. वरातींची धमाल, मैत्री, ताटातूट, सगळं आणलं. नानांना फोनवर वाचून दाखवली.

ते आपल्या अहिराणी वळणात म्हणाले, "ताई, बठ्ठं, सगळंच खरं शे. पण हे वाचून तो पुस्तक उघडणार नही."

"कोण तो?"

"हिलाल."

मग कळलं, ट्रम्पेटवाला हा काही कल्पनेतला माणूस नव्हता. हिलाल नावाचा त्यांचा खरोखरचा जोडीदार होता आणि खरोखरच सोडून गेला होता. पंचवीसेक वर्षं झाली होती. आता एरंडोलला मुलाकडे राहत होता.

"तो कादंबऱ्या वाचतो का?" मी विचारलं.

"कादंबरी नही वाचत. पाठी वाचतो," नाना म्हणाले. "आम्ही बॅण्ड घेऊन कुठे जायचो तर स्टॅण्डवर गाडीची वाट बघत बसायचो. बाकीचे चहा प्यायचे. हिलाल पुस्तकांच्या स्टॉलवर उभा राहून एकेक पुस्तक उलटं करून वाचायचा. स्टॉलवाला हाकलायचा तोवर. पाठ आवडली तरच पहिलं पान उघडायचा. म्हणून म्हणतो, तुम्ही असं काहीतरी लिहा की तो उघडेल."

माझ्या सगळ्या नोकरीत मला असं कुणी सांगितलं नव्हतं. एरवी लेखक म्हणतात, हजारो लोकांनी घेतलं पाहिजे. इथे एकाच माणसासाठी पाठ लिहायची होती.

मी विचारलं, "नाना, तुम्ही सरळ जाऊन का नाही भेटत? एरंडोल तर तुमच्या वाटेवरच आहे." धुळ्याहून जळगावला येताना पारोळा गेलं की एरंडोल लागतं. नाना आमच्याकडे येताना दर वेळी त्या स्टॅण्डवरून गेलेच असणार.

 नाना म्हणाले, "गाडी तिथे थांबते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघतो." आणि पुढे म्हणाले, "तुम्ही वाटलं तर भेटा त्याला. मी पाठवलं म्हणून सांगू नका."

मी आणखी दोन पाठी लिहिल्या. एकीत मैत्रीचं दुःख होतं, दुसरीत गाडीवरच्या नावाचं भांडण. दोन्ही नानांना पसंत पडेनात. खरं सांगायचं तर मलाही पडेनात. आणि एव्हाना मला कुतूहलाने पोखरायला सुरुवात केली होती. वीस-वीस वर्षं एकत्र श्वास घेऊन वाजवणारा माणूस रंगाऱ्याच्या अक्षरांवरून जातो? कादंबरीत ते खपून जात होतं. पण माझ्या मनात खपत नव्हतं.

एका दुपारी मी तिन्ही पाठी टाइप करून पर्समध्ये टाकल्या आणि एरंडोलला उतरले.

हिलाल आबांचं घर विचारत गेले तर लगेच सापडलं. सून दारात होती, ज्योती तिचं नाव. मी जळगावच्या प्रकाशन संस्थेतून आलेय म्हटल्यावर तिने आत बसवलं. आबा आतून आले. उंच, हडकुळे, मोठ्या फुफ्फुसाचा माणूस असतो तशी छाती. गाल मात्र आत गेलेले. मी म्हटलं, "आबा, तुम्ही पुस्तकांच्या पाठी वाचता असं ऐकलं. एका कादंबरीसाठी तीन लिहिल्यात. कोणती वाचून पुस्तक उघडावंसं वाटतं, तेवढं सांगा."

त्यांनी चष्मा लावला. पहिली वाचली, बाजूला ठेवली. "हाई कोनत्याबी पुस्तकले चालीन," म्हणाले. कोणत्याही पुस्तकाला चालेल! माझी पंधरा मिनिटांत विकेट गेली. दुसरी वाचली, तीही पहिलीवर ठेवली. तिसरी वाचता वाचता, गाडीवरच्या नावापाशी, ते हसायला लागले. हसताना तोंडावर हात धरला होता.

"हाई भटूनं शे ना?"

मी खोटं बोलले नाही. मान हलवली.

"त्याला वाटतं मी नावासाठी गेलो?" आता ते अहिराणी सोडून माझ्यासाठी शुद्ध मराठीत बोलायला लागले होते. "अहो, ते नाव मीच तसं काढायला सांगितलं होतं रंगाऱ्याला. बॅण्ड त्याचाच होता. बोलणी तो करायचा, पोरं तो सांभाळायचा. मी नुसता फुंकायचो."

"मग?"

ज्योतीने चहा आणला. ती आत जाईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी वरच्या ओठावर बोट ठेवलं.

"ट्रम्पेट कशावर वाजतं माहितेय? सगळे म्हणतात फुफ्फुसावर. दातावर वाजतं. हे पुढचे दात. ओठ दातावर दाबला नाही तर वरचा सूर निघत नाही. माझे दात हलायला लागले होते. हिरड्या सुजायच्या. वरच्या सुराला गेलो की डोळ्यांसमोर अंधारी यायची. कुणाला सांगितलं नाही. वाटलं, हा सीझन काढू."

"नानांना कळलं नाही?"

"तेच तर," आबा म्हणाले. "एकदा वाजवता वाजवता लक्षात आलं, सूर सोपा जातोय. दुखत नाहीये. बरं वाटलं. मग दोन-तीन वरातींनंतर समजलं. भटूने पट्टी उतरवली होती. सगळीच गाणी थोडी थोडी खालच्या सुरात बसवून घेतली होती पोरांकडून. मला एका शब्दाने बोलला नाही. अख्खा बॅण्ड माझ्या दातांसाठी खाली वाजत होता, ताई. आणि एक मलाच माहीत नव्हतं. पोरांना माहीत होतं."

चहावर साय धरली होती. ते म्हणाले, "तो बोलला असता, 'हिलाल, तुझे दात गेले, आता बस कर,' तर मी भांडलो असतो. शिव्या दिल्या असत्या. आणि राहिलो असतो, शपथ. पण तो गपचूप माझ्यावर दया करत होता. ते मला नाही सोसलं. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही."

"आणि तो दुसरा बॅण्ड?"

"तिथे ढोल वाजवला. ढोलाला दात लागत नाहीत."

उठताना त्यांनी मला बजावलं, "भटूला यातलं काही सांगू नका. त्याने नावाचं कारण धरलंय ना, तेच राहू द्या. रागावून गेलेला माणूस बरा दिसतो."

मी शब्द दिला. एरंडोल ते जळगाव गाडीत डोकं भणभणत होतं. माझ्याकडे आता असं गुपित होतं की जे पाठीवर छापलं तर पुस्तक हातोहात जाईल. पण ते सांगायचं नव्हतं. आणि ते पुस्तकात नव्हतंही, म्हणजे भाऊंच्या नियमानेही बाद.

घरी येऊन मी कादंबरी पुन्हा काढली. तिसरं वाचन. या वेळी मी एकच गोष्ट शोधत होते: दात. एवढ्या मोठ्या पुस्तकात ट्रम्पेटवाल्याचे दात हलल्याचा, सूर फाटल्याचा, पट्टी उतरवल्याचा उल्लेख आहे का? कुठेही नव्हता. उलट शेवटच्या वरातीत त्याचा वरचा सूर असा लागतो की गच्चीवरच्या बाया हातातलं काम सोडून कठड्याशी येतात. मी ते पान वाचत बसून राहिले. नानांना सगळं माहीत होतं. पट्टी त्यांनीच उतरवली होती. आणि तरी त्यांनी पुस्तकभर मित्राचे दात शाबूत ठेवले होते.

एक लपवत होता, दुसरा त्याचं लपवणं सांभाळत होता. मग या गोष्टीतला खरा प्रश्न कोणता? तो का गेला, हा मला इतके दिवस खरा प्रश्न वाटत होता. पण कादंबरीत आणखी एक गोष्ट होती, नानांनी सुरुवातीलाच सहज म्हणून लिहिलेली. क्लॅरोनेटवाला पुढे कित्येकदा मित्राच्या गावावरून जातो आणि उतरत नाही. एका परिच्छेदात तीनच ओळींत आलेलं. मी ते उचललं, आणि नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीपासून लिहायला घेतलं. पाठ अशी झाली:

'ऐन लग्नसराईत, गाजलेल्या एका वरातीच्या दुसऱ्या दिवशी, ट्रम्पेटवाला निघून गेला. का गेला, याची गावात दहा कारणं सांगतात. क्लॅरोनेटवाल्याकडे अकरावं आहे. जे आठवतं ते सगळं तो या पुस्तकात सांगतो: वराती, उन्हं, गाणी, भांडणं. पण इतकी वर्षं त्याच रस्त्याने येता-जाता तो मित्राच्या गावी एकदाही का उतरला नाही?'

बस. त्याखाली किंमत.

नानांना फोन करून वाचून दाखवली. शेवटची ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली.

"तुम्ही भेटलात त्याला," ते म्हणाले.

"भेटले."

"कसा शे?"

"तब्येत बरी आहे. चहा पाजला मला."

"काय म्हणाला?"

मी म्हटलं, "नाना, ते मला सांगता येणार नाही. पण पाठीवर आहे ते सगळं तुमच्याच पुस्तकातलं आहे. बघा, नको असेल तर बदलते."

ते म्हणाले, "हे तुम्ही हिलालसाठी नही लिहिलं, ताई." मग खोकल्यासारखा आवाज केला. "राहू द्या. छापा."

मुखपृष्ठं आधी छापून आली. आतली पानं अजून छपाईला जायची होती. नाना कव्हर बघायला जळगावला आले. पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघितलं, मग एक कव्हर मागून घेतलं, गुंडाळी केली आणि धुळ्याची गाडी पकडतो म्हणून निघाले. पुढचं मला ज्योतीने फोनवर सांगितलं. पोरगी सांगताना अर्धी हसत होती, अर्धी रडत होती.

दुपारी आबा ओट्यावर बसले होते. समोर एक टोपीवाला म्हातारा येऊन उभा राहिला. तिने ओळखलं नाही. आबांनी मान वर केली आणि बघतच राहिले. पाहुण्याने हातातली गुंडाळी पुढे केली. आबांनी ती उलगडली, सवयीने आधी उलटी केली, आणि चष्मा नसल्यामुळे लांब धरून वाचली. सगळी वाचली. मग ज्योतीला म्हणाले, "पानी आन." ती पाणी आणायला वळली आणि दाराआड थांबली, ते तिने मोकळेपणाने सांगितलं.

आबांनी विचारलं, "भटू, तू पट्टी का बरं उतारी व्हती?"

म्हणजे, का उतरवली होतीस पट्टी. पंचवीस वर्षांनी पहिलं वाक्य हे!

आणि भटू नाना म्हणाले, "तू जावाले नको म्हनीसन."

तू जाऊ नयेस म्हणून.

ज्योती म्हणाली, "ताई, मी पाणी घेऊन गेले तर आबा हसत होते आणि तोंडावर हात नव्हता. त्यांना असं हसताना मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहिलं नव्हतं. कवळी लावायची राहिली होती तरी."

नाना त्या दिवशी धुळ्याला गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ऑफिसात फोन आला. "छपाई थांबवा. शेवट चुकलाय. नावाचं काही नव्हतंच. मी शेवटचं प्रकरण नवं लिहून देतो." भाऊंनी कपाळावर हात मारला, पण थांबवतो म्हणाले. चुकलेला शेवट त्यांनाही छापायचा नव्हता. तेवढ्यात पलीकडे फोनची ओढाओढ झाली आणि आबांचा आवाज आला.

"काही थांबवू नका. पुस्तक त्याचं आहे. त्याला जे वाटलं ते त्याने लिहिलं. आता माझे दात त्यात घुसडले तर ती शेवटची वरात खराब होईल. एवढा सुंदर सूर लावलाय त्याने माझ्याकडून, तो राहू द्या."

पलीकडून नाना काहीतरी वाद घालत होते. बराच वेळ दोघं एकमेकांशीच भांडत राहिले, फोन आमच्या कानाला. भाऊ रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे बघत होते आणि आम्ही दोघं ऐकत होतो. शेवटी आबा जिंकले. पुस्तक जसं होतं तसं छापलं.

या अंकासाठी ही हकीकत लिहायचं ठरलं तेव्हा मी दोघांनाही विचारलं. एरवी आबांना दिलेला शब्द मी मोडला नसता. नाना म्हणाले, "हिलालला विचारा." आबा म्हणाले, "लिहा. पुस्तकात भटूचं म्हणणं आलं. अंकात माझं येऊ द्या. आता माझ्या तोंडात काय उरलंय ते सगळ्यांना दिसतंच."

कादंबरी बरी खपली. फार नाही. डीजेच्या काळात बॅण्डची गोष्ट कोण वाचणार, असं काही दुकानदार म्हणाले. मला वाईट वाटलं, कारण पाठ चांगली होती आणि पुस्तक पाठीपेक्षाही चांगलं होतं.

मागच्या महिन्यात मी पुन्हा एरंडोलला गेले. आबांना मोतीबिंदू झालाय, म्हणून ज्योती त्यांना रोज दुपारी कादंबरी वाचून दाखवते. मी विचारलं, "कुठवर आली?" तर ती हसून म्हणाली, "तिसऱ्यांदा सुरू केलीये. शेवटच्या वरातीपर्यंत जातो आम्ही. तिथे आबा म्हणतात थांब, आणि पुन्हा पहिल्यापासून."

मी आबांना म्हटलं, "शेवटचं प्रकरण एकदा तरी ऐका. नानांनी मन लावून लिहिलंय."

आबा म्हणाले, "त्यात मी निघून जातो ना? जाऊ द्या. पुढलं माले माहीत शे."